गुंडूरावांचं ‘नेक्स्ट’

गुंडूरावांना इंग्रजीतला एकच शब्द येत होता आणि त्या एका शब्दावर त्यांनी सेहेचाळीस वर्षं नोकरी केली. तो शब्द म्हणजे ‘नेक्स्ट’. बेळ्ळंदूरला आमच्या अपार्टमेंटच्या मागच्या गल्लीत डॉक्टर सुमंतांचा दवाखाना आहे. तिथं आतल्या दाराबाहेर लाकडी स्टुलावर हा माणूस बसायचा. पांढरा शर्ट, कपाळावर बारीक गंध, मांडीवर पितळी बिल्ल्यांचा डबा. आतला पेशंट बाहेर पडला की हे उठून उभे राहायचे, खोलीभर नजर फिरवायचे आणि म्हणायचे, “नेक्स्ट!”

त्यांची ती नोकरी माझ्यामुळं गेली. हे पहिल्यांदाच सांगून टाकते, नाहीतर मी गोड गोड लिहीत बसेन आणि मुद्द्याचं राहून जाईल. मला ती सवय आहे.

मी शिवलीला, निपाणीची. बेंगळुरात येऊन अकरा वर्षं झाली. रिंग रोडवरच्या एका कंपनीत प्रोजेक्ट सांभाळते, म्हणजे दिवसभर लोकांच्या मागं लागते. नवरा शंतनु पुण्याचा, थंड डोक्याचा. मी तापट. समोरच्या गाडीनं सिग्नलला अर्धा सेकंद उशीर केला तरी माझं डोकं सणकतं. थांबणं मला जमत नाही, कधीच जमलं नाही. आई म्हणायची, ही पोटातनं सुद्धा आठव्या महिन्यातच आली.

दवाखान्यात पहिल्यांदा गेले तेव्हा अंगात ताप होता. सरळ आतल्या दाराकडं निघाले, तर गुंडूरावांनी हात आडवा घातला आणि कानडीत बिल्ला मागितला. मी मराठीत पुटपुटले, “काय मेलं सरकारी ऑफिस लावलंय!” ते लगेच म्हणाले, “सरकारी नव्हे अक्का, खाजगीच आहे. पण नंबर सगळ्यांना आहे. स्वल्प बसा.” आणि ते शुद्ध मराठीत! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या दिवशी दीड तास बसले आणि उठले तेव्हा त्यांची अर्धी कुंडली मला ठाऊक झाली होती.

जुन्या बेंगळुरातल्या कॉटनपेटेत त्यांच्या सात पिढ्या गेल्या. घरात मराठी, दाराबाहेर कानडी, आणि मध्ये उंबरठ्यावर दोन्हीची खिचडी. विशीत ते डॉक्टर सुमंतांच्या वडिलांकडं कामाला लागले. थोरले डॉक्टर पडद्याआडून “नेक्स्ट” म्हणायचे आणि ते बाहेर कुणाला ऐकू जायचं नाही, म्हणून गुंडूराव तोच शब्द मोठ्यानं म्हणायचे. थोरले गेले. मुलानं बेळ्ळंदूरला दवाखाना काढला, तेव्हा वडिलांच्या वस्तूंतल्या तीनच गोष्टी आणल्या: स्टूल, बिल्ल्यांचा डबा आणि गुंडूराव. ते रोज दोन बस बदलून यायचे.

पद्धत अशी होती. फाटकाला सुतळीनं एक वही बांधलेली असायची. लोक पहाटेपासून येऊन त्यात आपापलं नाव लिहायचे. साडेआठला गुंडूराव आले की वहीतल्या क्रमानं नाव पुकारून एकेकाच्या हातात बिल्ला द्यायचे. बिल्ल्यावर ठोकून काढलेला आकडा. एकदा बिल्ला हातात पडला की तुम्ही आमदार असा नाहीतर भंगारवाले. डॉक्टरांची स्वतःची आई पाय सुजला म्हणून आली, तिला अकरावा नंबर मिळाला आणि ती माउली अकरावी आत गेली. तसे ते कसाई नव्हते. रक्त वाहत असलेला, धाप लागलेला, आकडी आलेलं लेकरू, पोटुशी बाई, यांना ते स्वतः उठून आत न्यायचे आणि कुणी हूं की चूं करायचं नाही. पण ते त्यांनी बघून ठरवायचं. मागून मिळायचं नाही.

आणि तो शब्द! त्या एका शब्दात किती म्हणून प्रकार असावेत? बहिऱ्या म्हाताऱ्याला लांबलचक “नेऽऽक्स्ट”. इंजेक्शनला भिणाऱ्या पोराला हळू, लाडिगोडीचा. मोबाईलवर ओरडणाऱ्याला असा तोडून की तो गप्पच बसायचा. नवरा गेलेली बाई पहिल्यांदा एकटी आली तर तिच्याजवळ जाऊन, वाकून, जवळजवळ कुजबुजत. त्यांच्या समाजाच्या लग्नात स्टेजवर आहेर द्यायची रांग लागते, तिथंही यांनाच उभं करायचे. फोटोवाल्यानं फोटो काढला की हे म्हणणार, “नेक्स्ट!” आणि वधूवरांच्या गळ्यात पडलेले मामा-काका मुकाट खाली उतरणार. घरी सावित्रीबाई, म्हणजे त्यांची बायको, पुरणाची होळिगे वाढताना त्यांची टिंगल करायच्या, “काय हो, नेक्स्ट वाढू?” नात काव्या तर लहानपणापासून त्यांना ‘नेक्स्ट अज्जा’च म्हणायची.

एकदा मी त्यांना म्हटलं, “अण्णा, आमच्या ऑफिसात हा शब्द मी दिवसाला पन्नासदा वापरते.” ते खूश झाले. म्हणाले, “तुम्ही पण बोलावता लोकांना?” मी काय सांगणार? मी बोलावत नाही, मी हाकलते. मीटिंगमध्ये कुणी लांबण लावली की नेक्स्ट. कुणी अडचण सांगायला लागला की ठीक आहे, बघू, नेक्स्ट. मी तसं सांगितलं त्यांना, हसत हसत. ते हसले नाहीत. म्हणाले, “नाही अक्का. हा शब्द जाणाऱ्याला नसतो. आत येणाऱ्याला असतो. ‘या, तुमचीच वाट बघत होतो’, असं.” मला गंमत वाटली. शंतनुला येऊन सांगितलं, आमच्या दवाखान्यात एक तत्त्वज्ञ बसतो म्हणून.

डॉक्टरांनी ‘नेक्स्ट मंडे या’ म्हटलं तर गुंडूरावांना ते चालायचं नाही. शनिवारी सांगितलेला नेक्स्ट मंडे परवाचा की त्याच्या पुढचा? लोक भलत्या दिवशी येतात, हेलपाटा पडतो. म्हणून ते बोटांवर मोजायचे, वहीचा कागद टरकावून त्यावर तारीख लिहायचे आणि पेशंटच्या खिशात घालायचे. “नेक्स्ट म्हणजे कधी ते ज्याचं त्याला कळलं पाहिजे,” म्हणायचे.

आता जूनमधल्या त्या सोमवारावर येते. इथंवर लिहिताना दोनदा उठून चहा करून आले. नऊ तारीख होती.

मला कंपनीच्या कामासाठी परदेशी जायचं होतं आणि एका फॉर्मवर डॉक्टरांची सही हवी होती. फॉर्म दुपारपर्यंत पाठवायचा होता. साडेदहाला माझी मीटिंग. साडेसातला फाटकाशी गेले तर वहीत तेरा नावं आधीच. मला चौदावा बिल्ला मिळाला. पावणेदहा झाले तेव्हा कुठं सहावा पेशंट आत गेला. माझा जीव नुसता वरखाली. घड्याळ बघते, फोन बघते, पाय हलवते.

शेवटी उठून गुंडूरावांच्या स्टुलाशी गेले. “अण्णा, नुसती सही आहे. दोन मिनिटं. सोडा की मला आत.”

“चौदा आहे अक्का तुमचा.”

“माहिती आहे हो. पण आपलं माणूस म्हणून तरी...”

“सगळीच आपली आहेत.”

मग मी ते बोलले. काव्याचं कॉलेज संपत आलं होतं आणि तीन आठवड्यांपूर्वी त्यांनी मला भीत भीत विचारलं होतं, तुमच्या ऑफिसात पोरीचं काही होतंय का, स्वल्प बघा. त्यांनी आयुष्यात मला मागितलेली ती एकच गोष्ट. मी ‘बघते’ म्हटलं होतं आणि विसरून गेले होते. त्या दिवशी मला ती बरोबर आठवली. मी खाली वाकून म्हटलं, “अण्णा, काव्याचे कागद मी आजच वरच्यांकडं पाठवते. आजच. पण मला दहाच्या आत मोकळी करा.”

त्यांनी माझ्याकडं बघितलं. एवढं वाईट बघितलं की आत्ताही आठवलं तर मान खाली जाते. मग डब्यातले बिल्ले उगाच खालीवर केले. आपलंच घोडं पुढं दामटायची माझी जन्माची खोड, पण त्यासाठी कुणाच्या नातीला मध्ये घातलं नव्हतं कधी.

सातवा बिल्ला भिंतीकडेच्या बाकावरच्या एका माणसाकडं होता. पन्नाशीचा, निळा गणवेश, कुठल्यातरी इमारतीचा वॉचमन. छातीवर तळहात ठेवून बसला होता. सहावा पेशंट बाहेर आला. गुंडूराव त्याच्याजवळ गेले आणि कानडीत म्हणाले, “या बाईंची फक्त सही आहे, पाच मिनिटं. त्यांच्यानंतर तुम्ही.” त्यानं पाय आखडून घेतले, मला जायला वाट व्हावी म्हणून. त्या दिवशी गुंडूरावांनी ‘नेक्स्ट’ म्हटलं नाही. मला नुसती दाराकडं खूण केली.

आत पाच मिनिटांचं काम पंचवीस मिनिटं चाललं. माझ्यामुळंच. फॉर्मात एक रकाना मी कोरा ठेवला होता, ‘नेक्स्ट ऑफ किन’. म्हणजे मला काही बरंवाईट झालं तर सगळ्यात आधी कुणाला कळवायचं, ते नाव. डॉक्टर म्हणाले, हे भरल्याशिवाय सही कशी करू? मी शंतनुला फोन लावला, त्याचा पासपोर्ट नंबर हवा होता. तो कपाटं उघडत बसला. मी डॉक्टरांच्या समोरच्या खुर्चीत बसून त्याच्यावर ओरडत होते. डॉक्टर सज्जन, ते मोबाईल बघत थांबले. शेवटी नंबर मिळाला, रकाना भरला, सही झाली.

बाहेर आले तर सातव्याची जागा रिकामी. गुंडूराव दारातून रस्त्याकडं बघत होते. “ड्युटी होती त्यांची साडेदहाला,” ते म्हणाले. “थांबतो म्हणत होते, मग उठले. नेक्स्ट सोमवारी येतो म्हणाले. बिल्ला पण खिशातच गेला.” मी “अरेरे” म्हटलं. खरंच तेवढंच म्हटलं, आणि पळाले. मीटिंग वेळेवर गाठली. संध्याकाळी काव्याचे कागद पाठवले, शब्द पाळला म्हणून स्वतःवर खूश सुद्धा झाले.

पुढच्या सोमवारी, सोळा तारखेला, मी परत दवाखान्यात होते. खोकला झाला होता. वहीत वेळेवर नाव लिहिलं होतं, हातात पाचवा बिल्ला होता. दहाच्या सुमाराला एक बाई आत आली. नऊवारी नव्हे, साधं सुती पातळ, डोक्यावरून पदर, कपाळ मोकळं. ती सरळ गुंडूरावांसमोर गेली. पदराची गाठ सोडली आणि त्यांच्या हातात पितळी बिल्ला ठेवला. सात नंबर. त्याच्याबरोबर वहीचा एक चुरगळलेला कागद, त्यावर गुंडूरावांच्या अक्षरात तारीख: सोळा.

ती मराठीत बोलायला लागली. चिकोडीकडची मराठी, अगदी माझ्या माहेरासारखी. “हे तुमचं. परत करायचं ऱ्हायलं होतं. चिठ्ठीवर आजची तारीख हाय म्हणून आज आले.” मग म्हणाली, “मी अंबूबाई. कल्लाप्पांची बायको. त्या सोमवारीच ते गेले. दुपारी एकला, गेटवरच पडले. दवाखान्यात न्यायच्या आधीच संपलं सगळं.”

खोलीतला पंखा तेवढा वाजत होता.

“एवढंच विचारायचं होतं,” ती म्हणाली, “सकाळी सहाला आले होते ते. नंबर आला नाही का त्यांचा? मला फोनवर म्हणाले, कुणा बाईंची घाई होती, त्यांना सोडलं, म्हणून ऱ्हायलं. आता पुढच्या सोमवारी जातो म्हणाले. कोण होत्या त्या बाई?”

आवाज ऐकून डॉक्टर बाहेर आले होते. “गुंडूराव, काय झालं? सात नंबरला कुणाला पाठवलं होतं?” डॉक्टरांना रोज साठ चेहरे दिसतात, त्यांना काय आठवणार? मी तिथंच होते, तिसऱ्या खुर्चीवर. गुंडूरावांनी माझ्याकडं बघितलं नाही. ते माझ्या अंगावर आजतागायत आहे, की त्यांनी बघितलं सुद्धा नाही, नजरेनं सुद्धा दाखवून दिलं नाही.

“बाई-बिई कुणी नव्हती,” ते म्हणाले. “मीच नंबर चुकवला. तप्पु माझा आहे. कल्लाप्पांच्या ऐकण्यात काहीतरी गफलत झाली असेल.”

त्या वेळी मी उठायचं होतं. नुसतं उठून ‘मी’ म्हणायचं होतं. एका अक्षराचं काम. आणि मी काय केलं? फोन काढून बघत बसले. त्यावर काहीही नव्हतं. माझा पाचवा नंबर आला, गुंडूरावांनी “नेक्स्ट” म्हटलं आणि मी आत गेले. घसा दाखवला. औषध घेऊन घरी आले.

महिनाअखेरीला डॉक्टरांनी त्यांना घरी बसवलं. अपमान केला नाही, शाल दिली म्हणतात. पण आमच्या अपार्टमेंटच्या ग्रुपवर जे व्हायचं ते झालं. कुणी लिहिलं, म्हातारा चिरीमिरी घेऊन नंबर पुढं-मागं करत होता. कुणी लिहिलं, मला आधीपासून संशय होताच. ज्या माणसानं डॉक्टरांच्या आईला अकरावं बसवलं, त्याला! मी रागानं उत्तर लिहिलं, लांबलचक. मग पुसलं. परत लिहिलं, परत पुसलं. कुणीतरी पाण्याच्या टँकरचा विषय काढला आणि ते मागं पडलं.

दवाखान्यात आता भिंतीवर पडदा लावलाय. त्यावर लाल आकडे येतात आणि एक बाई यंत्रातून टोकन नंबर वाचते. सगळ्यांना एकाच आवाजात. काव्याला आमच्या कंपनीतून मुलाखतीचं पत्र गेलं होतं, ती आलीच नाही. मी परदेशी जाऊन आले. शंतनु म्हणायचा, “तू हल्ली भांडत का नाहीस?” मीटिंगमध्ये कुणी लांबण लावली की माझ्या तोंडातून तो शब्द निघेना. लोक बोलत राहायचे, मी ऐकत राहायचे. ऑफिसात सगळ्यांना वाटलं, बाई सुधारली.

एकदा शंतनुला सगळं सांगितलं. तो म्हणाला, “शिवा, त्याला हार्टचा त्रास होता. डॉक्टरनं बघितलं असतं तरी झालं असतं कदाचित.” हो, असतं कदाचित. त्या ‘कदाचित’वर मी सहा महिने काढले. पण कल्लाप्पा छातीवर हात ठेवून बसले होते, आणि धाप लागलेल्या माणसाला स्वतः उठून आत नेणाऱ्या गुंडूरावांचं लक्ष त्या दिवशी त्या हाताकडं गेलं नाही, कारण मी त्यांच्या कानाशी वाकून काव्याचं बोलत होते. हे शंतनुला कसं कळणार?

जानेवारीत मी धीर केला. दवाखान्यात गेले, टोकन घेतलं, बावीस नंबर. दोन तास बसले आणि हललेही नाही. आत जाऊन डॉक्टरांना सांगितलं, सातव्या नंबरला मी होते. गुंडूरावांना मी भरीस घातलं. ते लाच घेणारे नव्हेत. डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. मग चष्मा काढला आणि म्हणाले, “हे तेव्हाच सांगायला काय झालं होतं?” मी टोकनचा कागद दुमडत राहिले. ते म्हणाले, “मी आज त्यांना फोन करतो. परत यायला सांगतो.” मी बाहेर आले तेव्हा रडू येत होतं, आणि खरं सांगते, हलकंही वाटत होतं.

संक्रांतीचा दुसरा दिवस. एळ्ळु-बेल्लाची, म्हणजे इकडच्या तिळगुळाची, पुडी घेऊन मी कॉटनपेटेत त्यांच्या घरी गेले. गुंडूराव दाराशी चटईवर बसून भिजवलेले अवरेकाळु, आपले पावटे, सोलत होते. चिमटीत दाणा धरायचा, दाबायचा, साल वेगळी, दाणा पातेल्यात. सावित्रीबाईंनी पाणी दिलं. तोंडावर काही दाखवलं नाही, पण नेहमीसारखं ‘बस गं’ म्हणाल्या नाहीत. मी आपली मीच बसले.

“अण्णा, डॉक्टरांचा फोन आला?”

“आला की.”

“मग? जाणार ना?”

“नाही अक्का. पुरे झालं.”

मी म्हटलं, “मी सगळं खरं सांगितलं त्यांना. तुमचं नाव स्वच्छ केलं. ग्रुपवर पण लिहीन आज. सगळ्यांना कळू दे.” ते सोलत राहिले. मी म्हटलं, “माझ्यामुळं झालं सगळं. मी मागितलं नसतं तर...”

“मागणारे रोज दहाजण मागायचे,” ते म्हणाले. “सेहेचाळीस वर्षं मागत होते. दिलं मी. नात डोळ्यापुढं आली आणि दिलं. ते माझं मी बघतो. त्यात तुम्ही हात घालू नका.”

पातेल्यात दाणे पडत राहिले. मग त्यांनी विचारलं, “अंबूबाईंना सांगितलात?”

मी म्हटलं, “नाही.”

हात थांबले. “डॉक्टरांना आधी सांगितलात? तिच्या आधी?”

मी मान डोलावली.

“परत तिला मागं ठेवून तुम्ही पुढं गेलात की हो, अक्का.”

आवाज चढला नव्हता. चढला असता तर मी भांडले असते, मला भांडता येतं. सावित्रीबाई आत भांडी लावत होत्या, तेही थांबलं.

“मी गेलो होतो तिच्याकडं,” ते म्हणाले. “दोनदा. तळ्याकडच्या शेडमध्ये राहते, चार घरची भांडी करते. तिला म्हटलं, अम्मा, त्या दिवशी मी खोटं बोललो, बाई होती. ती म्हणाली, तेव्हा नव्हती म्हणालात, आता होती म्हणता, माझं समाधान करायला म्हणता. तिला वाटतं की मरायच्या दिवशी तिचा नवरा तिच्याशी खोटं बोलला. दवाखान्यात नीट थांबला नाही, कंटाळून उठून गेला आणि बाईचं निमित्त सांगितलं. तिच्याशी बोललेलं त्याचं शेवटचं बोलणं ते. ते मी खोटं पाडलं, तुम्हाला झाकायला. आता माझ्यानं ते खरं होत नाही. त्या बाईनंच जाऊन सांगायला पाहिजे.”

मी फॉर्म भरला होता. आधी कुणाला कळवायचं, त्या रकान्यासाठी पंचवीस मिनिटं घेतली होती. मला हे माहीत नव्हतं असं मी कुठल्या तोंडानं म्हणणार होते?

मी उठले तेव्हा ते दारापर्यंत आले. एळ्ळु-बेल्लाची पुडी त्यांनी ठेवून घेतली, परत केली नाही, एवढं एक त्यांनी केलं. मग त्यांच्या सवयीनं बोटांवर काहीतरी मोजलं आणि म्हणाले, “तिला रविवारी दुपारी सुट्टी असते.”

त्याला आता तीन रविवार झाले. पहिल्या रविवारी पाहुणे होते. दुसऱ्या रविवारी मी तळ्याच्या रस्त्यापर्यंत गेले, ती शेडबाहेर दगडावर बसून केस विंचरत होती, आणि मी गाडीतून उतरलेच नाही. तिसऱ्या रविवारी, म्हणजे आज, सकाळपासून हे लिहीत बसलेय. आधी नीट मांडते मग जाते, असं स्वतःला सांगून. आता दुपारचे अडीच वाजलेत. सगळं लिहून झालं, एक एक गोष्ट, काही लपवलं नाही.

आणि बघा, अंबूबाईंच्या आधी मी ते तुम्हाला सांगितलं.